वठवलेला आकेशिया : परसातल्या कामाच्या नोंदी

१२ डिसेंबर २०२१

ठरलं. परसातला आकेशिया मारायचा, पण पाडायचा नाही. उभ्या उभ्या वठू द्यायचा आणि पाखरांसाठी, किड्यामुंग्यांसाठी तसाच राखायचा. आजपासून या वहीत त्याच कामाच्या नोंदी.

हे झाड कुणी हौसेने लावलेलं नाही. १९८०च्या दशकात सामाजिक वनीकरणात ऑस्ट्रेलियन बाभूळ, म्हणजे हाच आकेशिया, कातळावर आणि रस्त्याकडेला लावली गेली. तिचं बी पसरत पसरत आमच्या परसात आलं. मूळ ऑस्ट्रेलिया, पापुआ न्यू गिनी आणि इंडोनेशियाचं झाड. जांभ्याच्या उघड्या जमिनीतही झपाट्याने वाढतं, त्याबद्दल वाद नाही. पण आपण ज्यांना त्याची पानं म्हणतो ते खरं तर चपटे झालेले देठ असतात, चिवट, गळल्यावरही लवकर न कुजणारे. झाडाखाली त्यांचा वीतभर थर साचला आहे. तिथे पावसाळ्यात ना तेरडा येत ना टाकळा. येतात ती त्याचीच रोपं. पिळवटलेल्या शेंगेतून काळं बी नारिंगी धाग्याला लोंबतं, पाखरं ते नेतात, आणि पुढच्या वर्षी दगडी गडग्यापलीकडे शेजारच्या अण्णांच्या बागेतही रोपं दिसतात.

तोडून सरपण करणं सोपं होतं. पण ३ जून २०२०च्या निसर्ग वादळात आमचा म्हातारा फणस मुळासकट गेला. त्याच्या ढोलीत पिंगळ्याची जोडी होती, वरच्या फांदीच्या भोकात पोपट. ते तेव्हापासून परसात नाहीत. दापोली-मंडणगडात त्या एका दिवसात अशी किती जुनी झाडं गेली! आणि जी फांदी वाळते ती आपण ठेवत नाही. ती चुलीत जाते, नाहीतर तोडलेल्या डहाळ्यांच्या कवळाबरोबर शेताच्या भाजावळीला. मग ढोलीत राहणाऱ्याने जायचं कुठे? सुतार आणि तांबट पक्षी भोक पाडतात ते मुख्यतः मेलेल्या, किडलेल्या लाकडात, आणि त्यांनी सोडलेल्या घरात दयाळ, साळुंकी, पोपट, पिंगळा राहायला येतात. सुरुवातीचं मेलेलं लाकूडच नसेल तर पुढची सगळी साखळी तुटते.

२६ डिसेंबर २०२१

मोजमाप. झाडाची उंची अंदाजे चाळीस फूट. छातीच्या उंचीवर घेर पावणेपाच फूट. बुंध्यापासून घराची मागची भिंत पंचावन्न फूट, अण्णांकडे जाणारी पाखाडी (पायऱ्यांची वाट) तीस फूट, विहीर साठ फूट. विजेची तार पुढच्या अंगाला आहे, मागे नाही.

वठलेलं झाड कधीतरी पडणारच, हे धरूनच चालायचं. म्हणून खोड वीस फुटांवर कापायचं. उद्या ते कुठल्याही बाजूला आडवं झालं तरी पाखाडीपर्यंत पोचत नाही. हे गणित जमलं नसतं तर मी हा विचारच सोडून दिला असता. घराला, वाटेला किंवा तारेला लागून असलेल्या झाडावर हा प्रयोग कुणीही करू नये.

९ जानेवारी २०२२

आधी परवानगीचं. ग्रामीण भागात खाजगी जागेतल्या झाडांना १९६४चा वृक्षतोड अधिनियम लागतो. त्याच्या यादीत आंबा, फणस, साग, ऐन, किंजळ, हिरडा अशी झाडं आहेत, आकेशिया नाही. तरी तलाठी आणि ग्रामपंचायत दोन्हीकडे विचारून घेतलं. पुण्या-मुंबईच्या मैत्रिणींसाठी मुद्दाम लिहून ठेवते: शहरात १९७५चा कायदा लागू आहे आणि त्यात झाडाला कुठल्याही प्रकारे इजा करणं हेसुद्धा ‘तोडणं’च धरलं आहे. साल काढायची तरी वृक्ष अधिकाऱ्याची लेखी परवानगी हवी.

मग अण्णांकडे गेले. त्यांची हापूसची कलमं गडग्याला लागून आहेत, त्यांना न सांगता हे काम करणं बरोबर नव्हतं.

“वहिनी, वाळकं झाड ठेवायचं म्हणजे भिरूड पोसायची की,” ते म्हणाले.

शंका रास्त आहे. आंब्याचं खोड आतून पोखरणारी भिरूड ज्याने पाहिली आहे तो असं विचारणारच. मी त्यांना सांगितलं की भिरूड आंबा, फणस, उंबर अशा जिवंत पण कमजोर झालेल्या झाडाच्या सालीत अंडी घालते. आकेशियाच्या सुक्या लाकडात येणारे किडे वेगळे. उलट त्या किड्यांसाठी सुतार पक्षी आला तर तो त्यांच्या कलमांवरही फिरेल. त्यांना पूर्ण पटलं असं नाही, पण म्हणाले, “तुम्ही बघा. माझ्या कलमाला भुसा दिसला तर मी सांगेन.” ठीक. पावसाळ्याआधी आणि नंतर त्यांच्या कलमांचे बुंधे दोघांनी मिळून तपासायचे, असं ठरलं.

त्यांनीच एक विचारलं, की वीज पडून शेंडा गेलेला माड आहे, तो का नाही ठेवत? माडाच्या सुक्या खोडात पोपट आणि साळुंक्या बसतात, हे मी लहानपणापासून पाहिलं आहे. पण कुजलेल्या माडात गेंड्या भुंगा वाढतो आणि तोच भुंगा जिवंत माडाचा कोंब पोखरतो. आमच्या आगरात आणि शेजारीही माड आहेत. तो माड काढायलाच हवा. सगळंच मेलेलं लाकूड राखायचं नसतं, कुठलं राखायचं ते बघावं लागतं.

सासूबाईंचं म्हणणं वेगळं. वाळकं झाड घरामागे नको, त्यावर पिंगळा येऊन बोलतो. मी म्हटलं, आई, फणसावर इतकी वर्षं होताच की तो, आणि घरातलं धान्य उंदरांपासून त्यानेच राखलं. त्या काही बोलल्या नाहीत. विषय तिथेच थांबवला.

६ फेब्रुवारी २०२२

तात्या दोर, कोयता आणि मशीनची करवत घेऊन सकाळी आले. चढण्याआधी झाड सगळीकडून निरखलं. दूर कुठेतरी कुटुरग्याची ‘कुट्रुक कुट्रुक’ चालू होती, पण या झाडावर एकही घरटं नव्हतं. असतं तर काम पुढे ढकललं असतं.

शेंडा वीस फुटांवर उतरवला. बाजूच्या फांद्या मुळापासून साफ न करता दोन-तीन फुटांचे खुंट ठेवले. तात्यांचा हात सफाईचा. त्यांना गुळगुळीत काप घ्यायची सवय, त्यामुळे वाकडातिकडा, फाटलेला काप घ्या म्हटल्यावर ते थांबून माझ्याकडे बघत राहिले. कारण सांगितलं: वाऱ्याने फांदी मोडते तेव्हा तिचं टोक चिरफाळतं, त्या चिरांत पाणी मुरतं, बुरशी शिरते, लाकूड मऊ होतं. गुळगुळीत कापावरून पाणी निथळून जातं. मग त्यांनी खोडाच्या माथ्यावर करवतीने आडवेउभे खोल घाव घेतले आणि खुंटांची टोकं कोयत्याने फोडून ठेवली. खालचे दोन खुंट पानांसकट तसेच राखले.

फांद्यांचं सरपण निम्मं तात्यांना, निम्मं आम्हाला. जाड ओंडके गडग्याच्या सावलीत जमिनीवरच ठेवले. ते जाळायचे नाहीत.

७ फेब्रुवारी २०२२

आज खरं काम. जमिनीपासून चार फुटांवर खोडाभोवती एक फूट रुंदीचा सालीचा पट्टा काढला.

आधी कोयत्याने वर आणि खाली सरळ रेघ मारून घेतली. मग पटाशी सालीखाली घालून उचकटली. बाहेरची साल करडी, भेगाळलेली, हाताला खरखरीत. आतली ओली, फिकट गुलाबी, दोरासारखी सुटणारी. ती निघाल्यावर खाली पिवळसर पांढरं लाकूड दिसतं आणि त्यावर बोट फिरवलं तर बुळबुळीत लागतं. तो बुळबुळीत थर म्हणजेच झाडाची वाढ. तो राहिला तर साल पुन्हा जुळते. म्हणून सुरीच्या पाठीने पूर्ण पट्टा कोरडा लागेपर्यंत खरवडला. खोडाच्या खाचेत, जिथे दोन वळ्या मिळतात, तिथे साल आत घुसलेली असते. तिथे सगळ्यात जास्त वेळ गेला.

कुऱ्हाडीने खोल घाव घातला नाही. पानांत तयार झालेलं अन्न सालीतून मुळांकडे जातं, ती वाट बंद केली की मुळं उपाशी राहतात, एवढंच पुरेसं आहे. लाकूडही कापलं तर खोड नेमकं तिथेच कमजोर होतं आणि वादळात मोडतं. आपल्याला ते शक्य तितकी जास्त वर्षं उभं हवं आहे.

औषध लावलं की काम लवकर होतं, असं कृषी सेवा केंद्रात सुचवलं होतं. नको म्हटलं. ज्या लाकडात अळ्या वाढणार, त्या अळ्या पाखरं पिलांना भरवणार, त्यात विष कशाला? शिवाय खालच्या अंगाला विहीर आहे.

१७ एप्रिल २०२२

झाड अजून हिरवं. अण्णा म्हणाले, मेलं नाही की. मरायला वेळ लागणारच. मुळांकडून वर येणारं पाणी लाकडातून येतं, ती वाट आपण सोडली आहे. त्यामुळे खुंटांवरची पानं टवटवीत, आणि मुळं मात्र साठवणीतलं खाऊन जगताहेत. पट्ट्याच्या वरच्या कडेला साल फुगून ओठासारखी बाहेर आली आहे, खालची कड तशीच सपाट. वरून येणारं अन्न तिथे अडतं, ते डोळ्यांना दिसतं.

पट्ट्याखाली बुंध्यावर धुमारे आले होते, ते हातानेच मोडले. हे आता दर महिन्याला. धुमारे राहिले तर मुळांना पुन्हा अन्न मिळेल आणि सगळं फुकट.

२४ जुलै २०२२

पाऊस धो धो. पुन्हा धुमारे, पुन्हा मोडले. बाकी काही नाही.

२० नोव्हेंबर २०२२

वरची पानं पिवळी पडून गळली, परत फुटली नाहीत. सालीवर नखाने ओरखडा काढला तर खाली हिरवं नाही, तपकिरी आहे. बुंध्याशीही तेच. झाड वठलं.

झाडाखालचा पाल्याचा थर मुलांनी आणि मी ओढून काढला, एका कोपऱ्यात शेण आणि माती घालून कुजायला टाकला. मोकळ्या झालेल्या जागेत उंबराचं आणि सातविणीचं रोप लावलं. गडग्याच्या कडेला पांगाऱ्याचे दांडे मिरवेलीसाठी म्हणून रोवले, पण माझ्या मनात दुसरंही आहे. पांगाऱ्याचं लाकूड मऊ. पुढे त्याची एखादी फांदी वाळली की तांबटाला चोच मारायला सोपी.

५ मार्च २०२३

भुंगे आले! काळे, निळसर चमक असलेल्या पंखांचे, मोठे. दक्षिणेकडच्या खुंटावर गोल भोकं पडली आहेत, करंगळी जेमतेम जाईल एवढी, कड अशी नितळ की गिरमिटाने पाडली असावीत. खाली पिवळा भुसा पडलेला. मादी आत बोगद्यात परागाचा गोळा ठेवून त्यावर अंडं घालते, भुशाची भिंत करते, की पुढचा कप्पा. भोपळ्यापासून तुरीपर्यंत किती फुलांवर हे भुंगे फिरतात, परसबाग असलेल्याला सांगायला नको.

हेच भुंगे घराचे वासेही पोखरतात, ही सासूबाईंची जुनी तक्रार. पडवीचे वासे तपासले, जुन्याच भोकांत ये-जा आहे, नवी नाहीत. एका वर्षावरून निष्कर्ष काढणार नाही, पण लक्ष ठेवणार.

सोनपाठी सुतारही दोनदा दिसला. खोडावर खालून वर, गोल फिरत, साल टोचून उचकटत जातो. अजून घरासाठी नाही, खाण्यासाठीच.

३० जुलै २०२३

साल काढल्यानंतरचा हा दुसरा पावसाळा, पण झाड वठल्यानंतरचा पहिलाच. माथ्यावरच्या घावांतून पाणी मुरलं आहे आणि खुंटांच्या टोकांना पंख्याच्या आकाराची छोटी, करड्या-पांढऱ्या लवेची कवकं रांगेने उगवली आहेत. खालून पाहिलं तर मधोमध चिरलेल्या पातळ कडा दिसतात. पश्चिमेकडची साल खोडापासून सुटून लोंबते आहे. तिच्या आतल्या फटीत पाल, गोम, झुरळांची पिलं, आणि संध्याकाळी तिथून एक छोटं वटवाघूळ बाहेर पडताना मुलीने पाहिलं. ती साल ओढायची नाही, असं मुलांना बजावलं. नीटनेटकं करायची इच्छा होते, पण त्या फटीइतकी जागा त्याला पुरते.

गडग्याच्या ओंडक्यांवर कानासारखी तपकिरी अळंबी आणि खाली वाणी किडे.

अण्णांची कलमं तपासली. भुसा नाही.

१४ जानेवारी २०२४

एक प्रश्न बरेच दिवस डोक्यात होता. आकेशियाचा गाभा कठीण. बाहेरचं पांढरं लाकूड कुजलं तरी मोठी ढोली आपोआप व्हायला फार वर्षं लागतील. धनेशासारख्या पक्ष्याला लागते तशी ढोली तर बेहडा, आंबा, सातवीण अशा थोराड झाडातच होते. त्याची बरोबरी हे खोड कधीही करणार नाही, आणि म्हणूनच उभी असलेली जुनी झाडं आधी वाचवायला हवीत. पण लहान पक्ष्यांसाठी ढोली कोरून द्यायला काय हरकत?

तात्या आणि गावातले सुतारकाका दोघांनी मिळून काम केलं. बारा फुटांवर, उत्तरेच्या अंगाला, खोडाची दोन इंच जाडीची फळी करवतीने उभी काढून घेतली. आतलं लाकूड पटाशीने कोरलं, तळ साधारण वीतभर रुंद, दाराखाली पुरेशी खोली. तळाला पाणी निचरायला गिरमिटाने तिरकं भोक. मग तीच फळी, तिला अडीच इंचाचं गोल दार पाडून, स्क्रूने परत बसवली. उत्तर बाजू यासाठी, की नैर्ऋत्येचा पाऊस थेट आत येत नाही आणि दुपारचं ऊनही टळतं. आतल्या भिंती मुद्दाम खरबरीत ठेवल्या, पिलांना चढून बाहेर यायला पकड हवी. सुतारकाकांनी आयुष्यभर रंधा मारला, पण रंधा नको म्हटल्यावर लगेच ओळखलं कशासाठी ते.

२१ एप्रिल २०२४

दयाळ! नर रोज पहाटे खोडाच्या माथ्यावरून गातो हे महिनाभर ऐकत होते. आज मादीला चोचीत सुकं गवत आणि मुळ्या घेऊन आत जाताना पाहिलं. मुलांना त्या बाजूला खेळायला बंदी. मांजराने चढू नये म्हणून खोडाला पत्र्याची पट्टी गुंडाळली.

१९ मे २०२४

आतून पिलांचा आवाज. दोघंही अळ्या, नाकतोडे घेऊन ये-जा करतात. सासूबाई मागच्या दारात खुर्ची टाकून बसतात आणि कोण किती वेळा आलं ते मला सांगतात.

२ मार्च २०२५

आजची नोंद सविस्तर, कारण याचसाठी खुंट ठेवले होते.

वरून दुसऱ्या खुंटाखाली जमिनीवर पांढरट ढलप्या पडलेल्या दिसल्या, भुंग्याच्या भुशाहून मोठ्या, तांदळाच्या दाण्याएवढ्या. वर पाहिलं तर कुटुरगा. हिरवं अंग, तपकिरी डोकं, गालावर पांढरा पट्टा. खुंटाच्या वरच्या नव्हे, खालच्या अंगाला लटकून ठोकत होता. भोक खाली तोंड करून असलं की पाऊस आत शिरत नाही. ठोकून ठोकून थांबायचा, डोकं आत घालायचा, चोच भरून ढलप्या बाहेर टाकायचा. थोड्या वेळाने जोडीदार आला आणि हा उडाला, की त्याने काम हातात घेतलं. ढलप्या उचलून चुरल्या, बोटात पिठासारख्या झाल्या. बुरशीने तो खुंट आतून पार मऊ केला आहे. खोडाच्या कठीण लाकडाला त्यांनी चोचही लावलेली नाही. माथ्यावर आणि टोकांवर वाकडेतिकडे घाव घेतले त्याचा उपयोग इथे झाला.

१८ मे २०२५

पावसाळ्याआधीची तपासणी. खोडाला लाकडी हातोड्याने खालपासून सहा फुटांपर्यंत ठोकलं. आवाज भरीव, पट्ट्याच्या जागी थोडा बोदा. ओळंबा लावून पाहिला, खोड कललेलं नाही. पूर्वेचा खालचा खुंट हलत होता, तो रिकामा आहे याची खात्री करून उतरवला आणि ओंडक्यांत ठेवला. कुटुरग्याच्या खुंटाला हात लावला नाही, आत पिलं आहेत. वाळवी बुंध्याशी आहे, घराच्या जोत्याशी नाही.

अण्णांच्या कलमांना यंदाही भिरूड नाही. मात्र त्यांच्या बागेच्या टोकाला एक सुबाभूळ आहे, ती ‘तुमच्यासारखी’ करता येईल का, असं त्यांनी विचारलं. सुबाभळीला बुंध्यातून धुमारे फार येतात, दोन-तीन वर्षं सतत मोडत राहावं लागेल, हे आधीच सांगितलं. त्यांची तयारी आहे.

१ जून २०२५

यंदा मे संपायच्या आतच मान्सून आला. कुटुरग्याची पिलं त्याआधी बाहेर पडली की नंतर, ते दिसलं नाही. भोक आता शांत आहे, पण काल तिथे साळुंकी डोकावत होती.

पुढचं काम: पऱ्याच्या (ओढ्याच्या) काठाला दोन आकेशिया आहेत. एक तोडून सरपण करायचं. दुसरं पाखाडीपासून लांब आहे, त्याची साल येत्या फेब्रुवारीत काढायची, म्हणजे हे खोड पडेल तोवर ते मऊ झालेलं असेल. तात्यांना तारीख देऊन ठेवली आहे. पटाशीला धार लावून घ्यायची.